छाती ३८, उंची २४

(तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा मला फोन आला, "निवृत्तीनंतर काय करतेस, त्यावर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, विणते. पलीकडे दोन क्षण काही आवाजच नाही. मग जरा जपून प्रश्न आला, "त्यावर पंधरा मिनिटं होतील का गं?" आता माझ्या आधी तुम्ही काय काय ऐकलंत. साठीनंतर हिमालयात चालणारे आपल्यात आहेत, देहदानाचे अर्ज भरून घेत हिंडणारी आहे. त्यांच्यानंतर लोकर म्हणजे पंचपक्वान्नांनंतरचा ताकभात. पण ताकभात शेवटीच असतो, म्हणून मी फारशी लाजत नाहीये.

ही कापडी पिशवी मी मुद्दाम बरोबर आणली आहे. तिच्यात काय आहे ते शेवटी सांगते, कारण त्यात माझं तुमच्याकडे एक काम आहे.

विणायला मी याच शाळेत शिकले. सहावीत, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला. मुलांना तेव्हा पुठ्ठाकाम असायचं आणि त्यांच्या खळीचा वास आमच्या वर्गापर्यंत यायचा. शिवणाच्या बाईंनी पहिले दोन महिने खऱ्या सुया हातात दिल्याच नाहीत. खराट्याचे दोन हीर घासून गुळगुळीत करून आणायचे आणि त्यांच्यावर शिवणाच्या जाड दोऱ्याने टाके घालायचे. हीर मोडला की घरी जाऊन खराट्यातून दुसरा. आमच्या आईला पावसाळाभर वाटत होतं की खराट्याला वाळवी लागली आहे.

तो १९७१ चा हिवाळा होता. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि बाईंनी जाहीर केलं, "आता जवानांसाठी मफलर." काय उत्साह! घरोघरी लोकर मागून आणली, जिच्याकडे जो रंग निघेल तो. युद्ध तेरा दिवसांत संपलं. तोवर माझा मफलर नऊ इंच झाला होता. बाई म्हणाल्या, "थंडी संपलेली नाही, विणा." आमचे मफलर फेब्रुवारीत पुरे झाले आणि ते कुठे गेले ते बाईंनाच ठाऊक. अर्धवट विणकामाची माझी परंपरा अशी राष्ट्रीय कार्यापासून सुरू झालेली आहे.

माझ्या बाकावर जी बसायची, तिचा मफलर मात्र १६ डिसेंबरच्या आत पुरा झाला होता. तिचं नाव मी आज घेणार नाही. घेतलं तर पुढचं बोलता येणार नाही, आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊकच आहे. तिचा हात घट्ट. तिच्या टाक्यात दुसरी सुई घालायची तर आत शिरायला परवानगी मागावी लागे. माझा हात सैल. बाई दोघींची वीण शेजारी-शेजारी धरायच्या आणि म्हणायच्या, "हिच्यात पाणी भरता येईल आणि हिच्यातून चहा गाळता येईल."

तर आता छंदाबद्दल. लोकर विणणं आणि लोकर विकत घेणं हे दोन वेगळे छंद आहेत आणि मला दोन्ही आहेत. नोकरीत असताना पहिल्याला वेळ नव्हता, म्हणून दुसरा वाढला. बँकेतून सुटलं की भाजी घ्यायची म्हणून लक्ष्मी रोडला वळायचं, आणि भाजीच्या आधी तुळशीबागेचा बोळ लागतोच. काचेच्या कपाटात खालपासून वरपर्यंत गुंडे रचलेले असतात. पांढऱ्यापासून सुरू करून पिवळा, केशरी, लाल, जांभळा, असे. हात लावू नका म्हणून पाटी असते आणि प्रत्येक बाई हात लावत असते.

आपण सगळ्यांना सरसकट लोकर म्हणतो, पण त्यातल्या बहुतेक गुंड्यांनी मेंढी पाहिलेली नसते. ते ॲक्रिलिक असतं, म्हणजे मूळ खनिज तेल. आपल्या महाराष्ट्रातली खरी लोकर दख्खनी मेंढीची, जिची धनगर मंडळी घोंगडी करतात. पाऊस अडवायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण तिचा स्वेटर अंगात घालून बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुकानदार "प्युअर वूल" म्हणाला तर मी वाद घालत नाही. घरी येऊन एक धागा चिमट्यात धरून पेटवते. खरी लोकर केस जळल्यासारखा वास मारते आणि बोटांनी चुरली की राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला टणक मणी राहतो. सुनेने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं मी कसली तरी दृष्ट काढते आहे.

नव्याने विणायला लागलेल्या कोणी इथे असतील तर एवढंच सांगते: लेबलावर रंगाच्या नंबरखाली आणखी एक नंबर असतो, लॉटचा. एका वेळी एका घाण्यात रंगवलेल्या मालाचा तो नंबर. दुसऱ्या लॉटचा तोच रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी तोच दिसतो आणि अंगणात उन्हात गेलात की पाठ एका रंगाची आणि बाह्या दुसऱ्या. म्हणून सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यायचे आणि वर एक जास्तीचा. माझ्याकडचा साठा बराचसा या "वर एक जास्तीचा"मधून झाला आहे, असं मी घरी सांगते.

घरी ते फारसं कोणाला पटत नाही. परवाच्या दिवाळीत कपाट आवरताना आमच्या ह्यांनी सगळी लोकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. ७ किलो ४०० ग्रॅम. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो लागते, म्हणजे चौदा स्वेटर आणि वर थोडी. माझा वेग वर्षाला दोन. ह्यांनी हिशेब करून सांगितलं, "तुला बहात्तरपर्यंत जगणं भाग आहे, आणि तोवर तुळशीबाग बंद." बंद कसली! पुढच्याच आठवड्यात मी फिक्या आकाशी रंगाचे सहा गुंडे आणले. ते शेजारणीच्या मुलीच्या बाळासाठी आहेत, ते मोजायचे नाहीत.

हातात सध्या काय काय आहे, हे कोणी विचारलं तर मला यादी करायला लागते. २०१४ साली सुरू केलेली जाळीची शाल आहे. तिचा नमुना चोवीस ओळींचा, मध्ये फोन वाजला की आपण कितव्या ओळीत होतो ते जातं, आणि आमच्याकडे फोन वाजतोच. एक पायमोजा आहे. एकच. दुसरा विणायचा म्हणजे तेच सगळं पुन्हा, आणि माझ्या स्वभावात ते नाही. आणि नातवाचा पिवळा स्वेटर आहे, जो तो पोटात असताना सुरू केला होता.

त्याची गोष्ट थोडी सांगते. मुलगा-सून नेदरलँड्सला. मी इथे हौसेने मेरिनोची शुद्ध लोकर आणली, तिथली थंडी म्हणून. पाठ झाली तोवर बाळ सहा महिन्यांचं झालं. पुढचा भाग झाला तर ते चालायला लागलं. मी उसवून मोठ्या मापाने पुन्हा घातला. असं तीनदा. चौथ्या खेपेला बाह्यांसकट पुरा करून पाठवला. सुनेचा फोटो आला, गोड दिसत होता. महिन्याने दुसरा फोटो आला, त्यात तोच स्वेटर अस्वलाच्या अंगात! तिने बिचारीने इतर कपड्यांबरोबर मशीनला टाकला होता, गरम पाण्यात. शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली की तिचे तंतू एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि कपडा पार आटतो. चूक माझी. पूर्ण दिवस नोकरी करून घर चालवणाऱ्या मुलीने स्वेटर बादलीत हाताने चुबकायचा, ही अपेक्षा मी कुठल्या जगातून आणली होती? आता सातवं संपत आलं त्याचं. पिवळा पाचव्यांदा घातला आहे, या वेळी मशीनला चालेल अशा लोकरीत. व्हिडिओ कॉलवर तो हात पसरून उभा राहतो आणि त्याची आई टेप लावून इंच सांगते. दर वेळी आकडा वेगळा.

आता पिशवी.

ती गेली २०२३ च्या जुलैत. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा आला होतात. त्यानंतर वर्षभराने तिच्या यजमानांचा फोन आला, "तिची एक पिशवी आहे. मला त्यातलं काही कळत नाही, आणि टाकवतही नाही. तुम्ही नेता का?" गेले, चहा घेतला, पिशवी घेतली. रिक्षात उघडायची नाही असं ठरवलं होतं, पण अलका टॉकीजच्या सिग्नलला उघडली.

आत शेवाळी रंगाचा बटणांचा स्वेटर. पाठ पुरी झालेली. पुढचा डावा भाग पुरा. उजवा भाग मुंढ्यापर्यंत आलेला आणि सुईवरच. ओळ मध्येच सोडलेली नव्हती, ओळ पुरी करून सुया टोकाला टोपण लावून ठेवल्या होत्या. तीन गुंडे शिल्लक. आणि कालनिर्णयचं मार्चचं पान, त्याच्या कोऱ्या कडेला तिच्या अक्षरात: "छाती ३८, उंची २४, बाही १८. टाके १४०. सुया १० नंबर." बाकी काही नाही. मार्चचं पान फाडलेलं, म्हणजे लिहिलं ते एप्रिलमध्ये किंवा पुढे. ती उन्हाळ्यातच सुरू करायची, दिवाळीच्या थंडीला अंगावर यावा म्हणून.

आमचा विणणाऱ्या बायकांचा एक गट आहे, दर बुधवारी जमतो. तिथे मी पिशवी नेली. सगळ्यांचं एकमत झालं: उसव. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हात हा अक्षरासारखा असतो. एकीने सोडलेल्या ओळीवर दुसरीने विणलं की तिथे रेघ दिसते, कितीही धुवा. तिचे इंचाला सात टाके, माझे त्याच सुयांवर साडेसहा. ऐकायला अर्ध्या टाक्याचा फरक. पण १४० टाक्यांना तिची पाठ वीस इंच भरते आणि माझी साडेएकवीस. म्हणजे सगळा उसवून, लडी करून, धुऊन, खाली वजन बांधून वाळवायची, धाग्याची वळणं गेली की माझ्या हाताने नव्याने घालायचा. लोकर तिचीच राहील आणि स्वेटर एकसारखा होईल.

मी तो घरी आणून पाठीचा कोपरा शोधला, जिथून उसवायला सुरुवात करायची. आणि तिथे काठाच्या साबुदाण्याच्या विणीत मला एक चूक दिसली. साबुदाणा म्हणजे एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत नेमकं उलटसुलट. खालून नऊ इंचांवर तिने सलग दोन सुलट टाके घेतले होते. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. पण या बाईने सहावीत एका चुकलेल्या टाक्यासाठी सबंध मफलर उसवला होता आणि तरीही माझ्या आधी पुरा केला होता. तिला ही चूक दिसली नसेल असं होत नाही. दिसूनही पुढे गेली, किंवा तेव्हा दिसण्यासारखी तब्येत नव्हती. आम्ही त्या मे महिन्यात दोनदा भेटलो होतो, भेळ खाल्ली होती. ती दमल्यासारखी वाटली होती का, हे मी खूप वेळ आठवत बसले. मला आठवलं नाही.

मी उसवला नाही.

मग नमुन्याचे चौकोन विणले. अठ्ठावीस टाके, १० नंबरच्या सुया: सव्वाचार इंच भरला. हाताला ताण देऊन विणून पाहिलं: चार भरला, पण बोट दुखायला लागलं आणि दहा ओळींनंतर हात आपल्या वळणावर आला. मग ११ नंबरच्या सुया घेतल्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, १० नंबर सव्वातीन मिलिमीटर आणि ११ नंबर तीन. चौकोन बरोबर चार इंच. म्हणजे तिच्यासारखं विणायला मला एक नंबर बारीक व्हावं लागतं. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणतील, मी ५४ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

आता लोकरीचा प्रश्न. तीन गुंडे म्हणजे दीडशे ग्रॅम, आणि उजवा भाग, दोन बाह्या, बटणपट्टी मिळून अडीचशेच्या आसपास लागणार. तुळशीबागेत विचारलं. तो शेड यायचा बंद झाला होता. रविवार पेठेत घाऊकवाल्याकडे गेले, त्याने शेवाळी म्हणून पोपटी दाखवला आणि मलाच रंग कळत नाही असं सुचवलं. ऑनलाइन मागवला, तो मेंदीचा निघाला. मग गेल्या मेमध्ये आमच्या ज्येष्ठ नागरिकांची सहल मसुरीला गेली. सगळे केम्प्टी धबधबा बघायला गेले आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगून कुलरी बाजारात मागे राहिले. तिसऱ्या दुकानात, पायऱ्यांखालच्या फळीवर, धूळ बसलेले चार गुंडे. शेड नंबर तोच! लॉट दुसरा. दाराशी उन्हात नेऊन धरले. एक छटा उजळ. दुकानदाराला वाटलं म्हातारी पैसे न देता निघाली.

लॉट वेगळा असला की एक युक्ती असते. दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्याच्या, असं आलटून-पालटून विणायचं. डोळा फसतो, रंगाची सीमा कुठे दिसत नाही. म्हणून उजवा भाग मी तिच्याच लोकरीत पुरा केला आणि दोन्ही बाह्यांना दोन-दोन ओळी घातल्या. उजव्या भागावर मुंढ्यापाशी, इथे, बघा, रेघ दिसते. मागच्या रांगेत दिसणार नाही. इथून खाली तिचा हात, वर माझा. एक बाही पुरी आहे, दुसरी कोपरापर्यंत आली आहे.

राहिली बटणांची पट्टी, आणि तिथे मी अडले आहे. पुरुषाच्या स्वेटरला काजं डाव्या बाजूला येतात, बाईच्या उजव्या. तिने पट्टी सुरूच केली नव्हती. गळा पुरुषालाही चालेल, बाईलाही. रंगाचंही तेच. तिच्या यजमानांची छाती ४२, मुलाची ४४. मुलगी बारीक आहे. मी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे तिने अलीकडे कोणाचंच माप घेतलं नव्हतं." माझं म्हणाल तर ४० आहे. १९९८ साली ३८ होतं, तेव्हा तिने माझ्यासाठी एक विणला होता. तो विषय सोडा.

पण त्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या तुकडीची छोटी सहल झाली होती, सिंहगडावर. ती आली होती. पिशवीत टेप घेऊन फिरायची तिची सवय तुम्हाला माहीत आहे. पिठलं-भाकरी खाताना तुमच्यातल्या कोणाच्या पाठीवर तिने टेप धरला असेल, थट्टेत, आणि तुम्ही विसरून गेला असाल. म्हणून हे विचारते आहे. जेवणानंतर मी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणार आहे, आमच्या जुन्या बाकावर. दुसरी बाही विणत असेन. ज्याचं माप असेल त्याने किंवा जिचं असेल तिने येऊन सांगावं. टेप माझ्याकडे आहे.

*

स्मरणिकेसाठी हे लिहून देताना: त्या दुपारी तिघं जण बाकापाशी आले. एकाची छाती ४४ भरली, एकीची ३६. तिसऱ्याने माप घेऊ दिलं नाही, ३८ चा शर्ट बसायचा ती वर्षं सांगितली आणि बाही पुरी होईपर्यंत समोर बसून राहिला. पट्टी अजून घातलेली नाही.